एकाच कागदाकडून तीन कामं मागू नका: शिक्का, रंग आणि टाक्यांच्या शुभेच्छापत्रांबद्दल

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दिवाळीला नात्यातल्या ३० घरी हाताने केलेली कार्डं पाठवायची आहेत. पणतीचा शिक्का छान उमटतो, पण वॉटरकलरचा ब्रश फिरवला की काळी रेष फुटते आणि पिवळा रंग मळका होतो. कागद वाळल्यावर पापडासारखा वाकतो. त्याच कागदाच्या कडेने, कडेपासून दोन-तीन मिलिमीटरवर टाके घालायला घेतले की पाच-सहा टाक्यांत कड फाटून हातात येते. आणि शेवटी विचारलंय, की महागडे मार्कर घ्यावेत, रंग बदलावेत, की शिवणकामाचा नाद सोडून द्यावा.

मी नागपुरातच, महाल भागात राहते. सतरा वर्षं कार्डं करते आहे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवतेही. नाद अजिबात सोडू नका, आणि मार्करही तूर्त घेऊ नका. तुमची तिन्ही दुखणी एकाच जागची आहेत. तुम्ही एकाच कागदाला शिक्का झेलायला सांगताय, पाणी प्यायला सांगताय आणि वर सुईही सोसायला सांगताय.

बारीक रेषांच्या शिक्क्याला गुळगुळीत कागद लागतो. पाण्याच्या रंगाला जाड, पाणी पिऊनही न फुगणारा, थोडा खरबरीत कागद लागतो. सुईला लागतो तो चिवट, लांब तंतूंचा. तुम्ही वापरताय ती रंगीत कार्डशीट (प्रश्नातल्या वर्णनावरून तीच वाटते) आखूड तंतूंची असते. दिसायला जाड, पण ओळीने भोकं पाडली की पोस्टाच्या तिकिटासारखी त्या ओळीवरच सुटते. याउलट सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद सुईला फार चांगला. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, तिथला कागद मी वर्षानुवर्षं शिवत आले आहे. पण त्यावर नाजूक शिक्का मारा, रेष तुटक येते. सगळं करणारा एकच कागद शोधण्यात मी सुरुवातीची दोन वर्षं आणि बरेच पैसे घालवले.

म्हणून काम तीन कागदांत वाटून टाका. सगळ्यात खाली घडीचं कार्ड, साधारण २५० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचं. त्यावर हातकागदाचा तुकडा, ज्यावर फक्त टाके आणि ठळक अक्षरं. त्यावर छोटा चित्राचा तुकडा, ज्यावर फक्त शिक्का आणि रंग. टाक्यांची मागची बाजू, गाठी, चिकटपट्ट्या हे सगळं मधल्या कागदाच्या पोटात झाकून जातं. शिवाय एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच फेकायचा, अख्खं कार्ड वाया जात नाही. ३० कार्डांच्या कामात हा दिलासा मोठा असतो.

मी वापरते ती मापं देते. ए-फोर कागद अर्धा केला की ए-फाइव्ह होतो, त्याची घडी घातली की कार्ड १०५ बाय १४८ मिलिमीटर. ते सी-सिक्स पाकिटात, म्हणजे ११४ बाय १६२ मध्ये, टाक्यांच्या जाडीसकट आरामात बसतं. मधला हातकागद ९६ बाय १३८. चित्र ७० बाय ८५, वरच्या भागात. खाली अक्षरांना जागा उरते. ९६ बाय १३८ हे माप मी मुद्दाम ठरवलंय, त्याचं कारण टाक्यांपाशी सांगते.

घडी घालण्याआधी एक पाहा. कापडासारखा कागदालाही उभा-आडवा धागा असतो. हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून बघा, एका दिशेने तो सहज वाकतो. घडी त्या दिशेने घातली तर काठ स्वच्छ येतो. उलट घातली तर घडीवर कागद फुटून पांढरे तडे दिसतात. संपलेल्या बॉलपेनने पट्टी लावून आधी रेघ दाबून घ्या, मग घडी घाला.

कागद कुठून घ्यायचा? लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे कटिंगनंतर चांगल्या जाड कागदाच्या पट्ट्या उरतात. सरळ जाऊन "भाऊ, कतरण आहे का?" म्हणून विचारा. चित्राच्या ७० बाय ८५ च्या तुकड्यांना अशा पट्ट्या पुरतात. साधे आणि जरीचे दोरे इथल्या इतवारी बाजारात, रंग-ब्रश सीताबर्डीवर. यासाठी ऑनलाइन महागडा सेट मागवायची गरज नाही.

आता रेष फुटण्याचं. तुमची शाई बहुतेक पाण्यात विरघळणारी, डाय प्रकारची आहे. ती वाळली असं आपल्याला वाटतं, पण ओला ब्रश लागला की पुन्हा जागी होते. ती शाई वाईट नसते, ती त्या कामाची नसते. मी पोरींना शिकवताना एवढंच सांगते, की शाई आणि रंग विरुद्ध स्वभावाचे निवडा. पाण्याने रंगवायचं असेल तर पाण्याला न हलणारी, परमनंट किंवा आर्काइव्हल म्हणून मिळणारी शाई. अल्कोहोल मार्करने रंगवायचं असेल तर उलट. स्पिरिटसारख्या द्रावणात केलेली परमनंट शाई मार्कर लागताच पसरते, तिथे पाण्याची शाई बहुधा टिकते. कोरड्या रंगीत पेन्सिलीला मात्र कुठलीही वाळलेली शाई चालते.

पण डबीवर काय छापलंय यापेक्षा तुमच्या टेबलावर काय होतं ते खरं. ज्या कागदावर काम करायचं त्याचीच पट्टी घ्या, चार शिक्के मारा. दहा मिनिटांनी पहिल्यावर ओला ब्रश फिरवा, दुसऱ्यावर मार्कर. तिसरा आणि चौथा दुसऱ्या दिवशी तसेच तपासा. मागे शाईचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. माझ्याकडे अशा पट्ट्यांचा बिस्किटांचा डबा भरलाय, आणि नवी शाई आली की अजूनही हीच पट्टी आधी होते.

कशाने रंगवावं हे मात्र परिस्थितीवर आहे. हात बसला असेल, घरात निवांत टेबल असेल तर वॉटरकलरसारखं दुसरं काही नाही, पण त्याला ३०० जीएसएमचा वॉटरकलर पेपरच घ्या आणि रंगवताना चारी कडा कागदी टेपने पाटीला चिकटवा. पूर्ण वाळल्याशिवाय काढू नका, मग रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. पापड होत नाही. मार्करचं काम झटपट आणि गुळगुळीत होतं, पण रंग कागदाच्या पाठीवर उतरतो आणि बरे मार्कर महाग असतात. तुमची पहिलीच खेप, ३० कार्डं आणि घरात शाळेतली मुलं आहेत म्हणता. मी तुमच्या जागी असते तर पेन्सिली घेतल्या असत्या. पाणी सांडायची भीती नाही, उठून पोळ्या लाटून परत येऊन बसता येतं, कागद वाकत नाही.

पेन्सिलीने पणती रंगवताना एक करा. आधी ठरवा की उजेड ज्योतीकडून येतोय. मग पणतीचा आतला काठ सगळ्यात उजळ, बाहेरचं पोट तपकिरी, आणि बुडाशी गडद. जोर लावून एकदम गडद करू नका. तीन हलके थर द्या, पिवळा, त्यावर केशरी, त्यावर तपकिरी. सावलीत काळ्याऐवजी जांभळा किंवा निळा वापरून बघा, पणती मातीची दिसायला लागते. ज्योतीच्या मधोमध कागद पांढराच सोडा. तिथे पिवळा भरला की उजेड जातो.

नागपूरच्या हवेबद्दलही बोलावं लागेल, कारण बाहेरच्यांचे व्हिडिओ बघून शिकताना हा भाग कुणी सांगत नाही. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा शाई लावलेला शिक्का कागदापर्यंत नेईस्तोवर वाळतो आणि ठसा अर्धवट येतो. पाण्याची शाई असेल तर शिक्क्यावर तोंडाने एकदा "हाऽ" करून वाफ सोडा, मग दाबा. आणि कूलर लावला की उलटं होतं. कूलरची हवा ओलसर असते, समोर ठेवलेला कागद तासाभरात मऊ पडतो. एका मे महिन्यात मी शिकवणीच्या बारा जणींचे कापलेले कागद कूलरसमोरच्या टेबलावर ठेवले आणि दुपारपर्यंत सगळे लाटांसारखे झाले. तेव्हापासून कागद झाकणाच्या डब्यात, आणि टेबल कूलरच्या वाऱ्याबाहेर. तुमचं काम ऑक्टोबरात, म्हणजे पावसाची ओल सरत आली असताना होईल, तो काळ चांगला. सोनेरी पावडर टाकून उष्णतेने फुगवायचं एम्बॉसिंग करणार असाल तर आधी कागदावर टाल्कम पावडरचा कोरडा बोळा फिरवून झटका, नाहीतर बोटांच्या ओलीला चिकटून सोनेरी ठिपके भलतीकडेच उठतात. आणि त्याला हीटगनच, म्हणजे खूप गरम हवा सोडणारं हातातलं यंत्रच लागतं. केस वाळवायच्या यंत्राने पावडर वितळत नाही, उडते. पारदर्शक शिक्के उन्हात पिवळे पडतात, त्यांना स्कूटीच्या डिकीत विसरू नका. नवीन असताना त्यांच्यावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते, तेव्हा खोडरबर हलकेच घासून घ्या.

आता टाके. माझा जीव याच भागात आहे, म्हणून थोडं लांबेल.

पहिली गोष्ट, कागदावर सुई थेट चालवायची नाही. कापडाचे धागे सुईला वाट देऊन परत मिटतात, कागदाचं भोक कायमचं असतं. म्हणून आधी सगळी भोकं पाडून घ्यायची आणि शिवताना सुईने फक्त त्यांतूनच जायचं. खाली जुन्या योगा मॅटचा तुकडा ठेवा, कागदावर ग्राफपेपर क्लिपने पक्का करा आणि शिवायच्या सुईएवढ्याच जाडीच्या सुईने, तिला कापड गुंडाळून मूठ करून, उभी टोचत जा. भोक बारीक राहिलं तर सुई ओढताना कागद चिरतो, फार मोठं झालं तर टाका सैल पडतो. टोचायचं नेहमी समोरून, म्हणजे उचललेले तंतू मागे राहतात.

दुसरी, अंतर. कडेपासून निदान ६ मिलिमीटर आत, आणि किनारीच्या दोन भोकांत ६ मिलिमीटर. तुम्ही दोन-तीन मिलिमीटरवर जाताय, तिथेच फाटतंय. आता ते माप बघा. ९६ बाय १३८ मधून चारी बाजूंनी ६ सोडले की ८४ बाय १२६ उरतात. दोन्हींना सहाने पूर्ण भाग जातो, १४ आणि २१. म्हणजे चारी कोपऱ्यांत बरोबर एक-एक भोक येतं, एकूण ७०, आणि धावदोरा जिथून निघाला तिथेच येऊन नीट मिटतो.

तिसरी, दोरा. सहा पदरी भरतकामाच्या दोऱ्यातले दोनच पदर घ्या. ३० सेंटिमीटरपेक्षा लांब घेऊ नका, कारण भोकांच्या कडांवर घासून तो पिसतो. जरीचा दोरा असेल तर अजून आखूड, त्याचं वेष्टण फार लवकर सुटतं. दोरा ओढताना कागदाला काटकोनात, सरळ वर ओढा. शेजारी ओढला की तो करवतीसारखा कागद कापतो. तुमची कड फाटण्यात अंतराइतकाच याचाही हात असणार.

चौथी, मागची टोकं. गाठ मारू नका, समोरून टेंगूळ दिसतं. दोन सेंटिमीटर टोक सोडून त्यावर कागदी टेप किंवा गोंद लावलेली कागदाची चिंधी चिकटवा. साधी पारदर्शक सेलोटेप वापरायची नाही. माझी पहिली मोठी ऑर्डर लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची होती, ४० कार्डं. सगळ्यांच्या मागे मी सेलोटेप लावली होती. दोन पावसाळ्यांनंतर त्या काकूंनी जपून ठेवलेलं कार्ड मला दाखवलं, तर समोर हातकागदावर टेपच्या मापाचा पिवळा तेलकट डाग उतरला होता. त्या काही बोलल्या नाहीत, पण मी त्यांना ते कार्ड पुन्हा करून दिलं.

अक्षरांबद्दल माझा एक आग्रह आहे. मराठी शुभेच्छांचे तयार शिक्के फार कमी मिळतात, म्हणून बरेच जण कार्ड मराठी आणि शिक्का इंग्रजी असं करतात. त्यापेक्षा स्वतः कोरा. मोठं पांढरं खोडरबर आणि लिनोकटची, म्हणजे ठसे कोरायची, बारीक पटाशी एवढं पुरतं. शिक्का उलटा कोरावा लागतो, पण डोक्याला त्रास द्यायचा नाही. बटरपेपरवर मऊ पेन्सिलीने "शुभ दीपावली" सरळ लिहा, कागद पालथा करून खोडरबरवर ठेवा आणि नखाने घासा. अक्षर आपोआप उलटं उतरतं. बारीक पोकळ्या शाईने भरून जातात, म्हणून अक्षर ठळक आणि मोकळं ठेवा. असा मऊ, ठळक शिक्का खाली फोमची चटई घेतली तर हातकागदावरही उठतो.

आणि आता गंमत बघा. शिरोरेषा कोरू नका, ती दोऱ्याने शिवा. अक्षरं नुसती खाली टांगलेली उमटवा आणि वर लाल किंवा सोनेरी दोऱ्याची उलटी टीप घाला. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा "दीपावली"वर सलग रेघ शिवली आणि त्याच ओघात "शुभ"वरही. मग लांब धरून वाचलं तर ते "शुम" झालं होतं. भ वरची रेघ डावीकडे तुटलेली असते, ती पूर्ण जोडली की म होतो. श वरही ती फक्त दंडाच्या बाजूलाच असते. म्हणून "शुभ"ला श च्या दंडावर एक टाका, भ च्या दंडावर एक टाका, मध्ये मोकळं. "दीपावली" ४८ मिलिमीटर रुंद कोरलं तर तीन-तीन मिलिमीटरवर १७ भोकं येतात. इथे हातकागद आहे, कड दूर आहे, म्हणून तीनचं अंतर चालतं. दी आणि ली च्या वेलांट्या रेघेच्या वर जातात, त्या शिक्क्यातच कोरा आणि रेघेच्या जागी एक मिलिमीटर फट ठेवा, तिथून दोरा जातो. उलट्या टीपेत मधल्या प्रत्येक भोकातून दोरा दोनदा जातो हे लक्षात ठेवून भोक तेवढं मोकळं करा. शिक्का आधी, टाके नंतर. दोऱ्यावर शिक्का मारला तर दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना शाई पोचत नाही.

वेळेचा हिशोब प्रामाणिकपणे करा. शिरोरेषेची भोकं आणि टाके मिळून एका कार्डाला पंधरा मिनिटं, म्हणजे ३० कार्डांना साडेसात तास. रोज तासभर बसलात तर आठवडा. चारी बाजूंची किनार सगळ्यांना घालू नका, ७० भोकांची किनार हात मोडते आणि शेवटच्या दहा कार्डांत ते दिसतं. मामा-मावशी, आत्या अशा जवळच्या आठ घरांना किनार, बाकीच्यांना नुसती शिरोरेषा. कुणालाही ते कमी वाटत नाही. दोरा यात एका लडीत होतो. आठ मीटरच्या लडीतून दोन पदरी २४ मीटर निघतो आणि तुम्हाला साडेबारा मीटरच्या आसपास लागेल.

एक-एक कार्ड पूर्ण करत जाण्याऐवजी एका दिवशी सगळे कागद कापा, एका दिवशी सगळे शिक्के मारा, रंगवा, मग सगळी भोकं, मग टाके, आणि जोडणी सगळ्यात शेवटी. हातकागदाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून टोचता येतात. शिलाई मशीन असेल तर किनार त्यावर घालू शकता, पण टाका लांब ठेवा, सुरुवातीला-शेवटी मागेपुढे शिवण करू नका, आणि कागदासाठी सुई वेगळी ठेवा. कागदाने बोथट झालेली सुई पुन्हा ब्लाउजला लावलीत तर कापड ओढलं जातं.

जोडताना पांढरा गोंद सगळीकडे फासू नका, कागद पुन्हा फुगेल. कडांना दुहेरी टेप आणि मधोमध गोंदाचे दोन-तीन ठिपके, वर रात्रभर वजन. मणी, आरसे पोस्टाने जाणाऱ्या कार्डावर नको, पाकिटावर शिक्का मारताना ते कागदात रुततात. वर दिलेल्या मापांत आणि २५० जीएसएमच्या तळात पाकिटासकट कार्ड साधारण १७ ग्रॅम भरतं, म्हणजे साध्या पत्राच्या पहिल्या २० ग्रॅमच्या टप्प्यात बसतं. तरी तयार झालेलं पहिलं कार्ड किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा, हातकागदाची जाडी प्रत्येक गठ्ठ्यात थोडी वेगळी असते.

या आठवड्यात फक्त तीन कार्डं करा. एक पेन्सिलीचं, एक वॉटरकलरचं, आणि एक नुसत्या शिरोरेषेचं. झाल्यावर इथे फोटो टाका, आणि टाक्यांच्या कागदाचा तळाला चिकटवण्याआधीचा मागच्या बाजूचा फोटो नक्की टाका. कुठे ओढ जास्त बसली आणि कुठलं भोक चिरायला लागलंय ते मला तिथूनच सांगता येईल.